बाप दाखवला, आता शिंगरं दाखवा

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे पेपर आता स्कॅन होऊन कुणालाही फुकटात वाचता येतात, आणि त्यातले ऑगस्ट-सप्टेंबरचे अंक उघडले की एकाच प्रकारच्या, म्हणजे घोडीला लावायला वळू घोडा मिळेल अशा, अ‍ॅडचा नुसता पूर आलेला दिसतो. वर घोड्याचा छोटासा ठसा, शेजारी लगाम धरून उभा असलेला माणूस (छापखान्यात असे ठसे असायचे एक-दोनच, त्यामुळे काळा घोडा, तांबडा घोडा, रेसचा घोडा, सगळे दिसायला सेम). खाली मोठ्या अक्षरात नाव. मग यंदाच्या सीझनला हा घोडा कुठं उभा राहणार ते, मग रंग, वय, उंची. आणि मग खरा मसाला, म्हणजे बाप कोण, बापाचा बाप कोण, आई कुणाची मुलगी, आईच्या भावानं इंग्लंडात कुठली रेस मारली, असं करत करत पार पाच-सहा पिढ्या मागं. शेवटी बारीक अक्षरात फी, मोतद्दाराचे वेगळे शिलिंग, लांबून घोडी आणली तर कुरणात ठेवायचं आठवड्याचं भाडं, आणि अगदी तळाला एक ओळ जी थोड्याफार फरकानं सगळीकडं भेटते: घोडीची पूर्ण काळजी घेतली जाईल, जबाबदारी मात्र कुठलीही घेतली जाणार नाही.

मला बोलायचंय ते या तळाच्या ओळीबद्दल. थरोब्रेड (म्हणजे रेससाठी पैदास केलेल्या इंग्लिश जातीच्या) वळू घोड्याची अ‍ॅड ही त्या वसाहतीतल्या शेतकऱ्याची सोय होती हे मी नाकारत नाही, पण तो सगळा व्यवहार असा बांधलेला होता की नाव आणि रोकड घोडावाल्याची आणि रिस्क सगळीच्या सगळी घोडीवाल्याची. यावर तेव्हाच बंधन यायला पाहिजे होतं. बापाचं खानदान छापताय ना, छापा, पण त्याच्या पोरांचं काय झालं तेही छापा, डॉक्टरनं तपासल्याचा दाखला छापा, आणि घोडी गाभण राहिली नाही तर पूर्ण फी घेऊ नका. एवढंच. आता कुणी म्हणेल की आजच्या चष्म्यातून तेव्हाकडं बघणं सोपं असतं, तेव्हा हे कुठं शक्य होतं. तर शक्य होतं, आणि त्याच काळात त्याच साम्राज्यात दुसरीकडं चालूही होतं, त्यावर येतोच.

आधी गाव कसं होतं ते बघू. न्यू साउथ वेल्सला १७८८ मध्ये कैद्यांचं पहिलं आरमार आलं तेव्हा वाटेत आफ्रिकेच्या टोकाशी केपला घेतलेले मोजके घोडे बरोबर होते, म्हणजे सुरुवात अक्षरशः हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जनावरांपासून. हॉक्सबरी नदीच्या काठावर शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्यांना छोटे छोटे तुकडे मिळाले, गहू-मका पिकवायला, आणि दुसरीकडं अधिकारी आणि बडे व्यापारी यांच्या हातात मोठ्या इस्टेटी. ही जमीन मोकळी पडलेली नव्हती, हॉक्सबरीकाठी दारुग लोक राहत होते, हंटर खोऱ्यात वोनारुआ, त्यांना हुसकावूनच हे सगळं उभं राहिलं, आणि त्या हुसकावण्यात घोडा हे मोठं हत्यार होतं. १८३८ च्या जूनमध्ये मायल क्रीकला स्टॉकमन, म्हणजे इस्टेटींवरचे गुराखी, घोड्यांवरून आले आणि किमान २८ मूळ रहिवाशांना, त्यात बायका-पोरंही होती, मारून टाकलं. पुढं सात जणांना फाशी झाली. वसाहतीतल्या उमद्या घोड्यांच्या गोष्टी सांगताना हे पान हमखास गाळलं जातं म्हणून मुद्दाम सांगितलं.

तर अशा ठिकाणी १८०३ च्या ५ मार्चला 'सिडनी गॅझेट' सुरू झालं, वसाहतीतला पहिला पेपर, छापणारा जॉर्ज हाऊ स्वतः शिक्षा होऊन आलेला कैदी. थोड्याच वर्षांत त्यात घोडी लावण्याच्या अ‍ॅड येऊ लागल्या. नाणं फार कमी होतं, सरकारी कोठारात गहू जमा केल्याची पावतीच पैशासारखी फिरायची, त्यामुळे लहान शेतकऱ्यासाठी घोड्याची फी म्हणजे शेवटी घरच्या कणगीतला गहूच.

त्या पहिल्या काळातल्या गाजलेल्या वळूंमध्ये एक हेक्टर नावाचा अरबी घोडा होता, आणि तो गेला होता आपल्या हिंदुस्थानातून. त्याच्याबद्दल कायम सांगितलं जायचं की हा पूर्वी आर्थर वेलस्लीचा घोडा, म्हणजे असईच्या लढाईवाला, पुढं वेलिंग्टनचा ड्यूक झालेला वेलस्ली. खरं की खोटं कुणी ठामपणे सांगू शकलेलं नाही. पण मला त्यातली गंमत अशी वाटते की हेक्टर खरंच चांगला होता, त्याची पैदास वसाहतीत नावाजली गेली, त्याला ड्यूकच्या शिफारशीची गरजच नव्हती, तरीपण नाव चिकटलं ते चिकटलंच. गिऱ्हाइकाला पटवायला मोठ्या माणसाचं नाव लागतं, शिंगरं दाखवून काम होत असलं तरी.

आता शेतकऱ्याच्या बाजूनं हिशोब मांडू, कारण इथंच सगळी मेख आहे. दक्षिण गोलार्धात वसंत सप्टेंबरच्या आसपास लागतो, घोड्या माजावर येतात, सीझन डिसेंबरपर्यंत चालतो. शेतकऱ्याकडं घोडी एक, फार तर दोन. तीच नांगराला, तीच गाडीला, तीच बाजारात जायला. तिला घेऊन वीस-तीस मैल चालत इस्टेटीवर जायचं म्हणजे ऐन कामाच्या दिवसांत औत थांबलं. तिथं पहिल्या वेळेस नाही जमलं तर तीनेक आठवड्यांनी परत माज, म्हणजे तोवर तिला तिथल्या कुरणात ठेवायचं, भाडं चालू. कुरणात दुसऱ्या घोडीनं लाथ मारली, तारेत पाय अडकला, चोरीला गेली, तर तळाची ती ओळ आहेच. घोडी घरी नेण्याआधी फी चुकती करायची. मग अकरा महिने वाट. गाभण राहिलीच नाही हे कळायला काही महिने जातात, राहिली तर शिंगरू जगेल याची खात्री नाही. जगलं तर ते खोगिराखाली किंवा जुवाखाली यायला आणखी तीन-चार वर्षं. म्हणजे फी आज दिली आणि माल कसा निघाला ते कळणार पाच वर्षांनी! तोवर तो वळू मेलेला तरी असतो, विकलेला तरी असतो, नाहीतर त्याचा मालक दुसऱ्या जिल्ह्यात निघून गेलेला असतो. तक्रार करायची कुणाकडं.

बियाणं निकृष्ट निघालं तर त्याच वर्षी उगवणीत कळतं आणि दुकानदार तिथंच बसलेला असतो, इथं तसं नाही. अर्धं दशक उशिरानं कळणाऱ्या मालात "बाजार आपोआप वाईट माल बाहेर फेकतो" हा युक्तिवाद चालत नाही. बाजाराला कळेपर्यंत दोनेकशे घोड्या लावून झालेल्या असतात.

इस्टेटीपर्यंत जाणं ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्यासाठी फिरता घोडा असायचा, आणि हा प्रकार मला सगळ्यात रंगतदार वाटतो. मोतद्दार वळूला चालवत गावोगाव न्यायचा, आठवड्याचा रूट ठरलेला, सोमवारी अमक्या हॉटेलच्या आवारात, मंगळवारी तमक्या पुलापाशी, बुधवारी तिसऱ्या फार्मवर मुक्काम, आणि हा रूट पेपरात आणि भिंतीवरच्या पोस्टरवर छापलेला. घोडा सजवलेला, आयाळ गुंफलेली, मोतद्दार गप्पिष्ट, सेल्समन तोच, आरोग्य अधिकारी तोच, वसुली अधिकारीही तोच. मालक शंभर मैलांवर. किती घोड्यांना लावलं, घोडा दमला होता का, कुठल्या घोडीला रोग होता आणि तो पुढच्या दहांना गेला का, याची नोंद असलीच तर याच्या खिशातल्या वहीत. त्याची कमाई किती घोड्या झाल्या यावर, किती शिंगरं झाली यावर नाही. यात मोतद्दाराचा स्वभाव वाईट होता असं मी म्हणत नाही, अशी व्यवस्था लावून दिली की साधूसुद्धा आकडा वाढवायलाच बघेल.

आता समोरची बाजू, कारण तिच्यात दम आहे. थरोब्रेड पाळणं लहान शेतकऱ्याच्या सात पिढ्यांना परवडलं नसतं. इंग्लंडहून घोडा आणायचा म्हणजे कित्येक महिन्यांचा समुद्रप्रवास, वाटेत मेला तर गेला. कुणीतरी बड्यानं ती जोखीम घेतली, ऑस्ट्रेलियन अ‍ॅग्रिकल्चरल कंपनीसारख्या १८२४ मध्ये निघालेल्या कंपन्यांनी घोडे आणले, आणि मग अ‍ॅड देऊन ते रक्त चार पैशांत सगळ्यांना उपलब्ध केलं. अ‍ॅड नसती तर ते रक्त बड्यांच्या पागेतच राहिलं असतं. आणि त्याचा रिझल्ट जगानं बघितला, तो म्हणजे वेलर घोडा. न्यू साउथ वेल्सचा म्हणून वेलर, हे नावही आपल्याकडंच, कलकत्त्याच्या बाजारात पडलं म्हणतात. बाप बहुतेक वेळा थरोब्रेड, आई कसलीही, केपच्या रक्ताची, टिमोरच्या पोनीची, नांगराच्या घोड्याची, आणि निघालं काय तर काटक, लांब पल्ल्याचं, कमी दाणापाण्यावर चालणारं जनावर. हिंदुस्थानातल्या फौजेनं दशकानुदशकं ते विकत घेतलं, जहाजं भरभरून कलकत्ता, मद्रास, मुंबईला उतरायची. पहिल्या महायुद्धात सव्वा लाखाहून जास्त घोडे ऑस्ट्रेलियातून बाहेर गेले (परत आला फक्त एक, सँडी नावाचा, तोही एका जनरलचा होता म्हणून).

म्हणजे योजना यशस्वी झाली की! मग रडगाणं कशाला?

कशाला ते सांगतो. वेलर चांगला निघाला त्यातलं अर्धं श्रेय त्या "कसल्याही" आयांचं आहे, ज्यांचं नाव कुठल्याही अ‍ॅडमध्ये नाही. वळूच्या अ‍ॅडमध्ये त्याची स्वतःची आई पणजीपर्यंत सांगितली जायची, पण तुमच्याकडं कसली घोडी असली तर हा घोडा लावा आणि कसली असली तर लावू नका, हे सांगितल्याचं मला तरी दिसलेलं नाही. सांगेल कोण, सांगितलं तर गिऱ्हाईक कमी होणार. त्यामुळे हलक्या हाडाच्या घोडीला हलक्या हाडाचा रेसचा घोडा लावला जायचा आणि निघायचं ते ना धड रेसचं ना धड नांगराचं, लांब पायांचं, अरुंद छातीचं काहीतरी. अशा जनावरांना तिकडं "वीड" म्हणायचे, म्हणजे तण. वसाहतीच्या पेपरांत यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली, एक पार्टी म्हणायची रेसिंगमुळे जात सुधारते, दुसरी म्हणायची रेसिंगनंच घोड्यांची वाट लावली, आखूड रेसा आल्या, लहान वयात पळवणं आलं, दमसास गेला. मला दुसरी पार्टी जास्त पटते. पण मजा बघा, ज्या पानावर संपादक "तण माजलंय" म्हणून लिहितोय त्याच पेपरात पुढच्या पानावर दोन कॉलम भरून त्याच घोड्यांच्या अ‍ॅड. पेपराला त्या अ‍ॅडचे पैसे हवे होते, तो कुठल्या तोंडानं म्हणणार की पोरांचं रेकॉर्ड दिल्याशिवाय छापणार नाही? शेतकऱ्यांनी मात्र पायानं मत दिलं, न्यूझीलंडच्या दक्षिणेकडं, ओटागो-साउथलंडला, नांगरटीच्या मुलखात क्लाइड्सडेलसारखे जड घोडे जास्त चालले. ज्याला रोज माती उलटायची आहे त्याला डर्बी जिंकलेल्या आजोबांचं काय कौतुक.

पेडिग्रीवर किती विसंबायचं याची दोन उदाहरणं न्यूझीलंडचीच आहेत आणि दोन्ही मजेशीर आहेत. मस्केट नावाचा घोडा, जन्म १८६७, मालक लॉर्ड ग्लासगो, हा गृहस्थ इतका विक्षिप्त की पसंत न पडलेले घोडे सरळ गोळी घालून मारायचा, मस्केटचाही नंबर लागलाच होता, ट्रेनरनं विनवण्या करून वाचवला असं सांगतात. १८७८ च्या सुमारास तो ऑकलंडजवळच्या सिल्व्हिया पार्कला आला, आणि आला कशासाठी तर बग्गीचे घोडे काढायला! सुरुवातीला साध्याच घोड्या त्याला लावल्या. मग त्याच्या मार्टिनी-हेन्रीनं १८८३ चा मेलबर्न कप, म्हणजे ऑस्ट्रेलियातली सगळ्यात मानाची रेस, मारला तेव्हा लोकांचे डोळे उघडले. १८८५ मध्ये मस्केट मेला आणि त्याच वर्षी त्याचा कार्बाइन जन्मला, तोच तो, ४३ रेसमध्ये ३३ जिंकलेला, १८९० चा मेलबर्न कप पाठीवर ६६ किलोच्या आसपास वजन घेऊन ३९ घोड्यांतून मारलेला. म्हणजे मस्केटची खरी किंमत कळली तेव्हा अ‍ॅड द्यायला मस्केटच उरला नव्हता.

दुसरा नाइट रेड. खानदान चांगलं, स्वतः पळायला यथातथाच, टिमारूजवळ सीडाउनला उभा. त्याच्या नाइटमार्चनं १९२९ चा मेलबर्न कप जिंकला आणि १९३० चा त्याच्याच फार लॅपनं. फार लॅप कितीला विकला गेला होता? १६० गिनी. त्याची आई रेसमध्ये काहीच नव्हती. आणि तो स्वतः खच्ची केलेला, म्हणजे त्याची वळू म्हणून अ‍ॅड कधी लागणारच नव्हती. खाण तशी माती म्हणतात ते आपल्याकडंही सगळ्यांना पाठ आहे, पण या खाणीत कधी सोनं निघतं, कधी मुरूम, आणि जाहिरातवाला फक्त सोन्याचं ढेकूळ काचेच्या पेटीत ठेवतो.

यावर घोडावाले म्हणतात, बघा, म्हणजे आधीपासून कुणालाच काही सांगता येत नाही, मग अ‍ॅडवर बंधनं घालून काय होणार. मी उलटं म्हणतो. आधीपासून सांगता येत नाही म्हणूनच तर मागचं रेकॉर्ड लागतं! पहिल्या सीझनला वळू नवा असेल तर तसं लिहा आणि फी कमी घ्या, पाच वर्षांनी किती घोड्या लावल्या, किती गाभण राहिल्या, किती शिंगरं जगली, किती कामाला आली ते लिहा. हे आकडे मालकाकडं असणं काही रॉकेट सायन्स नव्हतं, फी घेताना वहीत नावं लिहिलीच जायची.

आणि स्कॉटलंडमधले शेतकरी १९व्या शतकातच काय करत होते बघा. क्लाइड्सडेल घोड्यांसाठी तिथल्या जिल्ह्या-जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या सोसायट्या एकत्र येऊन सीझनभरासाठी घोडा भाड्यानं घ्यायच्या. ग्लासगोच्या शोमध्ये घोडे उभे, सोसायटीची माणसं पाय उचलून, खूर दाबून, चालवून बघणार, मग करार. पैसे एकदम नाहीत, थोडे घोडी लावताना आणि बाकीचे घोडी गाभण ठरल्यावर. एका फटक्यात सगळा खेळ बदलतो. मोतद्दाराला आता घोडी खरंच गाभण राहण्यात इंटरेस्ट, मालकाला घोडा दमवू नये यात इंटरेस्ट, आणि एकट्या शेतकऱ्याऐवजी समोर अख्खा जिल्हा, म्हणजे फसवलं तर पुढच्या वर्षी कुणी दारात उभं करणार नाही. वसाहतीत स्कॉटिश लोक कमी नव्हते, ओटागो तर त्यांचंच, ही पद्धत त्यांना माहीत नव्हती असं कसं म्हणणार. वसाहतीत काही मालक गॅरंटीवर, म्हणजे गाभण नाही तर पैसे नाहीत या बोलीवर, घोडा द्यायचेही. पण ती मालकाची मर्जी, शेतकऱ्याचा हक्क नव्हे. फरक तिथं आहे.

बरं, सरकारला यात पडता आलं असतं का? आलं असतं, कारण पुढं ते पडलंच, पण शेतकऱ्यासाठी नव्हे. इंग्लंडात १८८७ मध्ये घोडपैदाशीवर रॉयल कमिशन नेमलं, राणीच्या नावानं रेसना जायचे ते पैसे वळवून निरोगी ठरलेल्या थरोब्रेड वळूंना बक्षीस म्हणून द्यायला लागले, अट ही की त्यांनी ठरवलेल्या कमी फीत शेतकऱ्यांच्या घोड्या लावायच्या. हेतू काय, फौजेला घोडे मिळावेत. १९१८ मध्ये कायदाच केला, लायसन्सशिवाय वळू फिरवायचा नाही. महायुद्धात लाखो घोडे मेल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते इथं शब्दशः. वसाहतींपैकी व्हिक्टोरियानं २०व्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारी पशुवैद्यांकडून वळू तपासून दाखले द्यायला सुरुवात केली, पायाची हाडं वाढलेली, श्वास घेताना घुरघुरणारी, असली पुढच्या पिढीत उतरणारी दुखणी शोधायची. हे चांगलंच झालं. पण हिशोब करा, गॅझेटमधल्या पहिल्या अ‍ॅडनंतर शंभर वर्षांनी, जेव्हा मोटार दारात आली होती.

सरकार पडलं की सगळं छान होतं अशातला मी नाही, कारण आपल्याकडं नेमकी उलटी टोकाची व्यवस्था होती. कंपनी सरकारनं बिहारात पुसाला घोड्यांचा स्टड, म्हणजे पैदास केंद्र, काढला, १८०८ पासून मूरक्रॉफ्ट नावाचा घोड्यांचा डॉक्टर त्याचा प्रमुख, इकडं शिरूरजवळ आलेगावलाही प्रयोग करून पाहिला (गावाच्या नावात पागा अजून आहे). ते सगळे स्टड खर्चिक म्हणून गुंडाळले आणि १८७६ च्या सुमारास नवीन सिस्टीम आणली, सरकारी वळू जिल्ह्यात ठेवायचे, अरबी, थरोब्रेड, नॉरफोक ट्रॉटर, आणि पास झालेल्या घोड्यांना डाग देऊन त्यांना फुकट लावायचे. अ‍ॅड नाही, फी नाही, फसवणूक नाही. तरीपण भीमा-नीरा खोऱ्यातली जी भीमथडीची तट्टं मराठ्यांच्या काळात गाजली त्यांचं भलं झालं का? नाही. शेतकऱ्याला हवं होतं घाट चढणारं, कडब्यावर निभावणारं आटोपशीर जनावर, फौजेला हवा होता उंच घोडा. वळू निवडणारा रिमाउंटचा, म्हणजे फौजेला घोडे पुरवणाऱ्या खात्याचा, साहेब, घोडी पास-नापास करणारा साहेब, आणि एवढं करून शेवटी फौजेनं घोडे घेतले ते मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलियाचेच. भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळायला आपल्याला अगदी परवा-परवापर्यंत थांबावं लागलं. म्हणून मी म्हणतो ते सरकारी वळू फुकट वाटा असं नाही. वळू खासगी राहू दे, फी पण राहू दे, निवड शेतकऱ्याची राहू दे, पण निवड करायला लागणारी माहिती दडवायची मुभा नको.

उंचावर बसलेल्यांनी या धंद्यात नियम केलेच नाहीत असं नाही, भरपूर केले, फक्त ते स्वतःच्या कुंपणासाठी. इंग्लंडचं जनरल स्टड बुक १७९० च्या दशकापासून चालू, कुणाला थरोब्रेड म्हणायचं ते त्यात ठरणार. १९१३ मध्ये त्यांनी नियम असा कडक केला की सगळी मुळं त्या बुकातच जात असतील तरच घोडा आत, म्हणजे अमेरिकेचे रेसा जिंकणारे घोडेसुद्धा "अर्धरक्ती" ठरले, हा नियम १९४९ पर्यंत टिकला. आजही थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला बंदी आहे, घोडी प्रत्यक्षच लावली पाहिजे. सिडनीच्या ब्रूस मॅकह्यू यांनी ही बंदी म्हणजे धंद्यावर अन्यायकारक बंधन आहे म्हणून कोर्टात दावा लावला, २०१२ मध्ये फेडरल कोर्टानं तो फेटाळला. अमेरिकेत थरोब्रेडचं स्टड बुक सांभाळणाऱ्या जॉकी क्लबनं २०२० मध्ये एका वळूला वर्षाला १४० पेक्षा जास्त घोड्या नकोत असा नियम आणला, बड्या स्टड फार्मांनी बोंब मारली, २०२२ मध्ये तो मागं घेतला. म्हणजे टंचाई टिकवणारा नियम टिकतो, मालकाच्या कमाईला हात लावणारा नियम दोन वर्षांत जातो. यात घोडीवाला कुठं आहे?

थोडी सुधारणा झाली, ती मान्य करतो. आज ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या स्टडच्या अ‍ॅड आणि करारात जिवंत शिंगराची गॅरंटी बहुतेक ठिकाणी असते, शिंगरू उभं राहून दूध प्यालं नाही तर फी लागू होत नाही किंवा पुढच्या वर्षी फुकट. घोडीवाले संघटित झाले, पैसेवाले झाले, तेव्हा आलं हे, हॉक्सबरीच्या गहूवाल्याच्या नशिबी नव्हतं. पण पोरांच्या रेकॉर्डचं काय? आता आकडे छापतात, मोठ्या अक्षरात छापतात, आणि त्यातला आवडता आकडा असतो पळालेल्या घोड्यांपैकी जिंकलेले किती टक्के. पळालेल्यांपैकी. जे कधी ट्रॅकवर पोचलेच नाहीत, पाय वाकडे म्हणून, श्वास घुरघुरतो म्हणून, ट्रेनिंगमध्येच मोडले म्हणून, ते या भागाकारात धरलेलेच नसतात. जन्मलेल्या एकूण शिंगरांपैकी जिंकलेले किती, हा आकडा काढायला काहीच अडचण नाही, स्टड बुकात प्रत्येक शिंगराची नोंद आहे, तिथं डीएनएची तपासणी सुद्धा होते. नियम करायचाच झाला तर एका ओळीचा आहे: टक्के छापायचे तर खाली छेदात सगळी शिंगरं घ्या.